कल्याणपलीकडची मुलं आणि अवधानाचं संशोधन

एडीएचडी हे नाव आता पालकसभेतही ऐकू येतं. लक्ष न टिकणं, एका जागी न बसणं, विचाराआधीच हात उचलला जाणं या तक्रारी त्या नावाखाली येतात. पण हा विकार भारतातल्या किती मुलांना आहे, या साध्या प्रश्नाला ठाम उत्तर नाही. प्रसिद्ध झालेले भारतीय अभ्यास शेजारी शेजारी ठेवले, तर आकडा १.६ टक्क्यांपासून १७ टक्क्यांच्या पुढेपर्यंत जातो. कोइंबतूरच्या प्राथमिक शाळांमधल्या मुलांवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात तो ११.३२ टक्के आला. जगभरातले १०२ अभ्यास एकत्र करून ब्राझीलच्या गिल्हेर्मे पोलान्चिक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये काढलेली सरासरी ५.२९ टक्के होती. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली ती बारा राज्यांत. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता आणि तेरा वर्षांखालची मुलंही नव्हती. म्हणजे अवधानाची तक्रार ज्या वयात पहिल्यांदा शाळेच्या डायरीत उमटते, नेमकं तेच वय आपल्या राज्यापुरतं मोजायचं राहून गेलं. ही उणीव एखाद्या मोठ्या शहरी इस्पितळात आणखी शंभर मुलं तपासून भरून निघणार नाही, असं माझं मत आहे. महाराष्ट्रातलं अवधानविकारांवरचं संशोधन आता कल्याणपलीकडे, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग वस्तीत मुक्कामाला जायला हवं, आणि तिथे ते कुणाच्या तरी आयुष्यभराच्या कामाच्या रूपाने उभं राहायला हवं. त्यामागची कारणं आणि त्यावरचे आक्षेप, दोन्ही इथे तपासायचे आहेत.

आकडे इतके का हलतात, हे समजायला निदान कसं होतं ते जवळून पाहावं लागतं. या विकारासाठी रक्ताची तपासणी नाही की मेंदूचा फोटो नाही. १८ लक्षणांची यादी असते. त्यातली नऊ लक्ष न टिकण्याची, नऊ चंचलतेची आणि उतावळेपणाची. शिक्षकांना जो फॉर्म देतात त्यात प्रत्येक लक्षणापुढे सहसा चार रकाने असतात: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, जवळजवळ नेहमी. एका गटातली किमान सहा लक्षणं, ती बाराव्या वर्षाआधीपासून, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, आणि त्यांच्यामुळे मुलाचं खरोखर अडत असेल, तरच निदान करायचं असा नियम आहे. आता हा फॉर्म साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंपुढे ठेवून पाहा. ‘जागा सोडून उठतो का?’ तीन मुलांच्या बाकावर मधल्या मुलाला उठताच येत नाही, कडेचं उठतं. ‘दिलेल्या सूचना पूर्ण करत नाही का?’ घरी सिंधी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी असलेल्या मुलाला सूचना कळलीच नाही की कळून पाळली नाही, हे त्या रकान्यात उमटत नाही. ‘वस्तू हरवतो का?’ एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर दप्तराला ठरलेली जागाच नसते. फक्त शिक्षकांच्या फॉर्मवर थांबलेल्या अभ्यासात आकडा फुगतो. आईवडिलांशी सविस्तर बोलून, मुलाला स्वतः तपासून, अडचण किती आहे ते जोखून मग निदान करणाऱ्या अभ्यासात तो खाली येतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक असतात, कारण दोघांनी विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

या विकाराचा वैद्यकीय इतिहासही असाच, कुठल्या मुलांकडे पाहिलं गेलं त्यावर घडत गेला आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत ४३ मुलांचं वर्णन केलं. बुद्धी ठीक, पण स्वतःला आवरता येत नाही, अशी ती मुलं होती. स्टिल हा दोष नैतिक संयमाचा मानत होते, तो काळच तसा होता. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली यांनी निवासी संस्थेतल्या ३० मुलांना बेंझेड्रीन दिलं. त्यांतली बरीच मुलं अभ्यासाला बसू लागली, असं त्यांना आढळलं. १९६८ च्या अमेरिकी वर्गीकरणात भर चळवळेपणावर होता. मॉन्ट्रियलच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की मूळ अडचण लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला थांबवण्याची आहे. १९८० च्या वर्गीकरणात अवधान शीर्षस्थानी आलं ते त्यामुळे. हा बदल नुसता नावाचा नव्हता. चळवळ्या, वांड मुलगा डॉक्टरांकडे पोचत होता. खिडकीबाहेर पाहत शांत बसलेली मुलगी त्यानंतर दिसू लागली.

ब्रॅडलींचं काम प्रसिद्ध झालं त्याच वर्षी, १९३७ मध्ये, मुंबईत भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी आदल्या वर्षी उभारलेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचं, म्हणजे पुढच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं, ते केंद्र. त्याच दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कानडी रूप घडवलं. नागपुरात आर्थर मॅलिन यांनी वेक्स्लर चाचणीचं भारतीय रूप केलं, ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. आजही देशभर मुलांच्या बुद्धिमापनाला या दोन चाचण्या वापरल्या जातात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या अध्ययन-अक्षमता केंद्राने या विषयाला रोजच्या ओपीडीत आणलं. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्ये घेतला, इतर राज्यांच्या आधी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून, मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्तींचं ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र २००१ पासून काम करत आहे. हा वारसा मोठा आहे आणि या लेखात पुढे जे मागितलं आहे ते त्याच्याच खांद्यावर उभं राहून. पण या बहुतेक कामाचा साचा एकच आहे: मूल केंद्राकडे येतं. आणि जे मूल येतं, ते उशिरा येतं. शीवच्याच केंद्रातून डॉ. सुनील करंदे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अध्ययन-अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या ५० मुलांचा अभ्यास मांडला. त्या मुलांचं सरासरी वय अकरा उलटून गेलेलं होतं आणि त्यांतली १५ एकेका वर्गात आधीच नापास होऊन मागे राहिली होती. लक्षणं मात्र पहिली-दुसरीपासूनच असतात. मधली चार-पाच वर्षं कुणाच्याच नोंदीत नाहीत.

त्या वर्षांत मूल कुठे असतं, तर कल्याणपलीकडे असतं. बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. बदलापूरहून शीवच्या ओपीडीत नंबर लावायचा तर पहाटेची लोकल, आईची किंवा वडिलांची एक दिवसाची मजुरी किंवा रजा, आणि हे एकदा करून भागत नाही. बुद्ध्यांकाची चाचणी एका दिवशी, वाचन-लेखनाची दुसऱ्या, शिक्षकांचा फॉर्म घेऊन तिसरी खेप. ज्या घराला हे झेपतं तेवढीच मुलं संशोधनात ‘नमुना’ म्हणून येतात. शिवाय तिथवर जातं ते मूल, ज्याला एकापेक्षा जास्त तक्रारी आहेत. नुसत्या वेंधळेपणासाठी कुणी शीव गाठत नाही. नववीत नापास झाला, शाळेने दाखला न्यायला सांगितला, मारामारी झाली, म्हणजे मग निघतात. त्यामुळे इस्पितळाच्या नोंदींवरून हा विकार आहे त्यापेक्षा गुंतागुंतीचा, मुलग्यांचा आणि मोठ्या वयाचा वाटतो. चांगल्यात चांगल्या डॉक्टरलाही ओपीडीत बसून ही त्रुटी दुरुस्त करता येत नाही.

आता या तीन गावांकडे पाहू. उल्हासनगर १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर वसलं. पत्ता अजूनही कॅम्प नंबरानेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत तिथे पाच लाखांवर माणसं होती. अंबरनाथमध्ये शिलाहारकालीन शिवमंदिर, दारूगोळ्याचा कारखाना आणि एमआयडीसी. वस्ती अडीच लाखांवर. बदलापूर २००१ मध्ये लाखाच्या आत होतं, दहा वर्षांत पावणेदोन लाखांजवळ गेलं, आणि त्यानंतर वाढतच राहिलं. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबं एकेक स्टेशन पुढे सरकत इथे येतात. तिन्ही मिळून नऊ लाखांहून अधिक माणसं, ती पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजणीत. ही फक्त सोयी कमी असलेली गावं म्हणून मी त्यांच्याकडे पाहत नाही. अवधानाविषयीचे जे प्रश्न जगात अजून उघडे आहेत त्यांतले कित्येक इथे एकाच पट्ट्यात सापडतात.

उदाहरणार्थ शिसं. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजलं आणि ते जसं वाढतं तसे वर्गातल्या लक्षाबद्दल शिक्षकांचे शेरे बिघडत जातात, हे दाखवलं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा की भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर आहे. उल्हासनगरातली घराघरांतली वर्कशॉप्स, अंबरनाथचे रासायनिक कारखाने, २०१४ मध्ये जिच्यात सोडलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं ती वालधुनी नदी, हे सगळं पाहता इथल्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा आणि लक्षाचा संबंध तपासणं हे पहिल्या कामांपैकी एक असायला हवं. दूषित पाण्यामुळे मुलं चंचल झाली, असं विधान मी करत नाही. त्यासाठी लागणारा पुरावा गोळा करावा लागेल. दुसरा प्रश्न रक्तक्षयाचा. पॅरिसमध्ये एरिक कोनोफाल यांनी २००४ मध्ये ५३ एडीएचडी असलेल्या मुलांपैकी ८४ टक्क्यांत लोहसाठा कमी असल्याचं दाखवलं. तुलनेच्या गटात ते प्रमाण १८ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, त्यावर इमारत बांधता येणार नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली, तेव्हा हा प्रश्न पॅरिसपेक्षा आपला जास्त आहे. तिसरा, भीतीचा. ज्या मुलाने घरात मारहाण पाहिली, ज्याच्यावर किंवा ज्याच्या वर्गमैत्रिणीवर अत्याचार झाला, तेही वर्गात हरवल्यासारखं बसतं किंवा सारखं दचकतं. ऑगस्ट २०२४ मधल्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर बदलापुरातल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. लक्षणांच्या यादीवर ते मूल आणि एडीएचडीचं मूल सारखंच दिसतं, उपचार मात्र पूर्ण वेगळे.

असे प्रश्न एका वर्षाच्या पाहणीने सुटत नाहीत. तीच मुलं वर्षानुवर्षं पाहावी लागतात. न्यूझीलंडमधल्या डनीडनचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं हे गाव, म्हणजे आजच्या बदलापूरपेक्षा लहान. १९७२-७३ मध्ये तिथे जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा फिल सिल्व्हा यांनी सुरू केला, आणि अडतिसाव्या वर्षीही हयात असलेल्यांपैकी ९५ टक्के माणसं तपासणीला आली. लहानपणचा आत्मसंयम बत्तिसाव्या वर्षीच्या आरोग्याशी, पैशांशी आणि गुन्ह्यांशी कसा जोडलेला आहे, हे २०११ मध्ये तिथूनच जगाला कळलं. २०१५ मध्ये टेरी मॉफिट यांनी त्याच माणसांवरून दाखवलं की प्रौढपणी एडीएचडीची लक्षणं असलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांना लहानपणी तो विकार नव्हताच. पाठ्यपुस्तकांतला एक पक्का समज त्याने हलला. दुसरं उदाहरण मेंदूच्या वाढीचं. नितीन गोगटे हे पहिले लेखक असलेल्या २००४ च्या अमेरिकी अभ्यासात मुलं होती फक्त १३, पण दर दोन वर्षांनी, आठ-दहा वर्षं तीच मुलं पुन्हा पुन्हा पाहिली म्हणून मेंदूचा कुठला भाग कधी पक्व होतो याचा क्रम दिसला. तो अभ्यास ज्या संस्थेत झाला तिथेच फिलिप शॉ यांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या २२३ मुलांची इतर २२३ मुलांशी तुलना केली, तेव्हा मेंदूच्या सालीची वाढ सुमारे तीन वर्षं मागे चाललेली आढळली. वाट तीच, चाल हळू. पालकांना धीर देणारं इतकं ठोस वाक्य या क्षेत्रात दुसरं क्वचितच सापडेल.

हे परदेशातच जमतं असं म्हणणाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांकडे पाहावं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये तिथल्या गरोदर बायांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला आणि जन्मलेली मुलं पुढे तरुण होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा ठेवला. त्यातलीच मुलं नऊ वर्षांची झाली तेव्हा विद्या भाटे आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होतं, त्यांची मुलं टिकून लक्ष देण्याच्या आणि आकडे उलटे सांगण्याच्या चाचणीत मागे पडलेली दिसली. २००८ मधला हा निष्कर्ष बालमनोविकारांच्या कुठल्या विभागातून आला नाही. तो आला मधुमेह आणि आहाराच्या संशोधनातून, कारण मुलं धरून ठेवण्याचा धीर तिथे होता. महाराष्ट्रातल्या मुलांच्या अवधानाबद्दल, महाराष्ट्रातल्याच आहाराच्या सवयींशी जोडलेलं इतकं नेमकं विधान मला दुसरं माहीत नाही.

इथे पहिला आक्षेप रास्त आहे. पुण्याजवळची गावं शेतीला बांधलेली, माणसं तिथेच राहतात. बदलापुरात मात्र अकरा महिन्यांचा करार संपला की कुटुंब हलतं. मुलं हातातून निसटतील. निसटतील, पण ती फार लांब जात नाहीत. वांगणी, शेलू, नेरळ, टिटवाळा, कल्याणहून निघणाऱ्या दोन रेल्वे फाट्यांवरच सरकतात. मोबाइल नंबर, शाळेचा दाखला आणि आजी-आजोबांचा पत्ता या तीन गोष्टी पहिल्या दिवशी लिहून घेतल्या तर बरीच मुलं सापडतात. आणि हलणारी घरं हा तर अभ्यासाचाच विषय आहे: दर दोन वर्षांनी शाळा बदलणाऱ्या मुलाचं लक्ष कसं टिकतं, हे स्थिर गावात विचारताच येत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरा पडत नाही. बालमनोविकारांचं खास शिक्षण घेतलेले तर मोजकेच. अशा ठिकाणी आधी उपचार द्या, संशोधन श्रीमंतांनी करावं. माणुसकीच्या दृष्टीने या म्हणण्याला वजन आहे. पण पुरावा वेगळं सांगतो. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या एमटीए चाचणीत ५७९ मुलं होती. बाहेरच्या डॉक्टरांकडे नेहमीसारखे उपचार घेणाऱ्या गटातल्या बहुतेक मुलांनाही औषध मिळत होतं, तरी ती संशोधनाच्या औषध-गटातल्या मुलांइतकी सुधारली नाहीत. फरक होता दर महिन्याच्या भेटीचा, मात्रा जपून ठरवण्याचा, शिक्षकांकडून येणाऱ्या नोंदीचा. चौदा महिन्यांनी अभ्यासातले उपचार थांबले, आणि तीन वर्षांनी पाहिलं तर गटागटांतला फरक उरला नव्हता. याचा अर्थ मी असा घेतो की या विकारात नोंद ठेवत पाठपुरावा करणं हाच उपचाराचा गाभा आहे. संशोधनाची शिस्त आणि चांगली सेवा इथे वेगळी काढता येत नाही. सगळं तज्ज्ञांनीच करायला हवं असंही नाही. स्वमग्न मुलांच्या पालकांना घरच्या घरी शिकवण्याची पद्धत गोव्यात आणि रावळपिंडीत तज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेवकांकडून पोचवून तपासली गेली. गोव्यातलं काम ‘संगत’ या संस्थेने केलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष आले: आईवडील मुलाशी अधिक जुळवून घेऊ लागले. उत्तर गोवा हा विकासविकारांच्या २०१८ च्या पाच ठिकाणच्या भारतीय पाहणीतही होता. जे म्हापशा-पणजीच्या आसपास जमलं ते अंबरनाथच्या आशाताई आणि अंगणवाडीताईंना का जमू नये?

शिवाय शासनाने पहिलं पाऊल कधीच टाकलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो पालघरला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या ज्या तीस दोष-आजारांची तपासणी त्यात ठरली, त्यांतला एक एडीएचडी आहे. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शासकीय आणि अनुदानित शाळेत एकदा. कागदावर हे चांगलं आहे. पण एका फेरीत शेकडो मुलं पाहताना वजन, दात, डोळे तपासले जातात. घर आणि शाळा दोन्हीकडची माहिती मागणारा विकार एका दिवसात पकडणं अशक्य आहे. आणि या पट्ट्यात गल्लोगल्ली वाढलेल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळा कार्यक्रमाच्या बाहेरच राहतात. समजा मूल सापडलं, तरी पुढे कुणाकडे पाठवायचं? मिथाइलफेनिडेट हे औषध अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही.

तिसरा आक्षेप असा की हा विकारच औषध कंपन्यांनी वाढवलेला आहे. याला ‘नाही’ एवढंच उत्तर देणं अप्रामाणिक ठरेल. हार्वर्डचे जोसेफ बिडरमन हे या विषयातलं गेल्या पिढीतलं सर्वांत मोठं नाव होतं. एडीएचडी घराण्यांत कसा चालत येतो, प्रौढपणी कसा टिकतो, यावर त्यांनी प्रचंड काम केलं. २००८ मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत दिसून आलं की २००० ते २००७ या काळात औषध कंपन्यांकडून मिळालेल्या किमान १६ लाख डॉलरांपैकी बरीचशी रक्कम त्यांनी विद्यापीठाला कळवली नव्हती. संस्थेने २०११ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीनेही २०१९ आणि २०२१ मध्ये मिथाइलफेनिडेटला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घ्यायला नकार दिला. पुराव्याचा दर्जा आणि दीर्घकालीन परिणामांची अपुरी माहिती ही त्यामागची कारणं. पण यावरून विकारच खोटा ठरत नाही. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून या विकाराची आनुवंशिकता पाऊणच्या घरात येते, आणि ते अभ्यास देशोदेशींचे आहेत. यातून ठरतं ते एवढंच की कंपनीच्या पैशांवर न चालणारं, सार्वजनिक संस्थेतलं संशोधन हवं. अंबरनाथसारख्या गावात कुणा कंपनीला आज रस नाही, हे या दृष्टीने बरंच आहे.

निदान खोटं किती आणि खरं किती, हे तपासण्याची एक स्वस्त आणि नितळ पद्धत जगात वापरली गेली आहे. ब्रिटिश कोलंबियात २०१२ मध्ये आढळलं की डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त मिळतं. अमेरिकेत २०१८ च्या अभ्यासात, जिथे १ सप्टेंबर ही प्रवेशाची सीमा आहे तिथे ऑगस्टच्या मुलांना ३४ टक्के जास्त. ही मुलं आजारी नव्हती, फक्त लहान होती. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरची तारीख मानतात. जून महिन्यात एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल बसतं. प्रत्येक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मस्थळ आणि जन्मतारीख, अंकी आणि अक्षरी, लिहिलेली असते. ते रजिस्टर आणि शिक्षकांचा अठरा प्रश्नांचा फॉर्म एवढं शेजारी ठेवलं, तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलांवर ‘चंचल’ असा शेरा किती जास्त पडतो ते एका वर्षात कळेल. लेबल लावण्याची ज्यांना भीती वाटते, त्यांनी तर या अभ्यासाची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

हे सगळं करणार कोण, हा खरा अडसर आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मानसोपचारात एमडीची तीन, बालमनोविकारांत डीएमची आणखी तीन. आणि डीएमच्या जागा देशभरात थोड्या. एमबीबीएसला मानसोपचार हा स्वतंत्र परीक्षेचा विषयही नाही. एमडीचा प्रबंध तीन वर्षांत उरकायचा, म्हणून विद्यार्थी ओपीडीतली साठ-सत्तर मुलं एका वर्षात गोळा करतो. आपल्याकडचं बरंचसं वाङ्मय त्यामुळे एका क्षणाचं छायाचित्र राहतं. पदोन्नतीला निबंधांची संख्या मोजतात. दहा वर्षांनी फळ देणाऱ्या अभ्यासाला त्या तक्त्यात रकाना नाही. या परिस्थितीत ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्‌घाटन झालं, त्यांत अंबरनाथ आहे, ही या पट्ट्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय आणि हे महाविद्यालय एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. तिथल्या मानसोपचार आणि बालरोग विभागांनी मिळून पहिली ते चौथीची हजारभर मुलं आजच नोंदवली, तर पहिल्या तुकडीचे डॉक्टर बाहेर पडतील तेव्हा त्या मुलांची काही वर्षांची नोंद हाताशी असेल.

पण शासकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांची बदली होते, आणि अशा अभ्यासांचा बहुधा तिथेच शेवट होतो. सर गेले की रजिस्टर कपाटात जातं. म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी ठरायला हव्यात. नोंदी विभागाच्या मालकीच्या राहाव्यात, व्यक्तीच्या नव्हे. पालकांची संमती एकदा घेऊन न थांबता दरवर्षी नव्याने घेतली जावी, आणि मूल मोठं होईल तसं त्यालाही विचारलं जावं. आणि एक समाजसेवक किंवा समुपदेशक असा असावा जो बदलीच्या यादीत येत नाही, ज्याचा फोन नंबर उल्हासनगरच्या कॅम्प पाचपासून बदलापूरच्या पूर्वेपर्यंतच्या आयांकडे असतो. डॉक्टर दर तीन वर्षांनी बदलले तरी चालतील. आयांनी ज्याला ओळखायचं, तो माणूस बदलता कामा नये. त्याच्या पगाराची तरतूद प्रकल्पाच्या अनुदानातून न करता महाविद्यालयाच्या कायम आस्थापनेत करावी लागेल.